उपाशी म्हणजे

सोमवारपर्यंत विषय द्यायचा आहे.
केळुसकर मॅडम म्हणाल्या, विषय आवडायचा नसतो गं,
संपवायचा असतो. तीस नमुने घे,
प्रश्नावली लाव, मोकळी हो.

कॉलेजच्या कपाटात मोकळ्या झालेल्यांची रांग.
काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं,
खाऱ्या वाऱ्यानं अर्धी खाल्लेली:
'निवडक रुग्णालयातील निवडक रुग्णांच्या
ज्ञानाचा अभ्यास.'
न निवडलेल्यांचं काय झालं, लिहिलेलं नाही.

माझ्या वहीत तीन नावं खोडलेली.
कण्यातल्या भुलीनंतरची हुडहुडी,
ती गेल्या वर्षीच्या बॅचनं नेली.
भूल चढताना संगीत. पण ओटीतला रेडिओ
सामंत डॉक्टरांचा, आणि त्यावर फक्त क्रिकेट.
तिसरं, दहापासून उलटं मोजताना
माणूस कुठल्या आकड्यावर जातो.
उभादांड्याचा एक तांडेल सातावर थांबला,
म्हणाला, सात वाव पाणी,
आणि गेला खाली.
मॅडम हसल्या. याचं कोष्टक कसं करणार?

मग गुरुवार.
मोचेमाडचे भिवा खवणेकर, हर्निया, वय एकसष्ट.
मीच विचारलं होतं, बाबा, काही खाल्लंत?
"नाय गे बाय. कायच खालंय नाय."
मीच लिहिलं फॉर्मवर, माझ्या वळणदार अक्षरात:
उपाशी, रात्री दहापासून.

औषध शिरेत गेलं, पापण्या मिटल्या,
आणि घशात काहीतरी चढून आलं.
टेबलाचं डोकं खाली, मान कुशीवर,
सामंत ओरडले, सक्शन!
माझ्या हातातली नळी गुरगुरली.
बाटलीत गढूळ, तांबूस पाणी.
त्यात उकड्या तांदळाची शितं.
मी ती मोजली. का मोजली, माहीत नाही.
अकरा.

बाहेर बाकड्यावर सून पदर चावत होती.
"खावक कायच देवक नाय ओ.
सकाळी वायच पेज तेवडी पियाले."

तिनं खोटं सांगितलं नाही. म्हाताऱ्यानंही नाही.
भात खातात. पेज पितात.
प्रश्न मी चुकीच्या क्रियापदात विचारला होता.

चार दिवस त्यांच्या नाकाशी ऑक्सिजन होता.
चार दिवस मी ड्यूटी संपल्यावर
वॉर्डातून हिंडत होते, वही घेऊन, प्रश्न बदलून.
आरवलीच्या शालिनीताई म्हणाल्या, उपाशीच होते,
संकष्टी होती ना, साबुदाणा तेवढा घेतला.
एकानं तंबाखू मोजली नाही.
एकानं शहाळं. "ता काय खाणा?"
फक्त जैनबबी काझींनी मलाच उलट विचारलं,
रोज्यासारखं? थुंकीसुद्धा नाही?
नाही नाही, थुंकी चालेल, म्हटलं,
आणि मग लक्षात आलं, हे कुठे लिहिलंय
मला ठाऊकच नाही.

आपल्या भाषेत रिकाम्या पोटाचे
इतके प्रकार असतील असं वाटलं नव्हतं.
निरंकाळ, फराळी, नुसत्या चहावर,
तोंड धुतलंय फक्त,
सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही (पेज सोडून).
आणि भिंतीवर आमची पाटी, निळी, सरकारी:
'शस्त्रक्रियेपूर्वी काहीही खाऊ नये.'

रात्री शीर्षक लिहायला बसले.
'निवडक रुग्णालयातील' इथपर्यंत आले आणि थांबले.
खिडकीबाहेर बंदरावरचा दिवा
फिरत होता, कुणी बघो न बघो.
आईचा फोन. जेवलीस?
नाही गं, दुपारपासून काहीच नाही.
म्हणाले, आणि टेबलावर पाहिलं:
दोन कप, तळाशी साय,
आणि खारीचा चुरा, अगदी माझ्या
खोडलेल्या तिसऱ्या विषयावर सांडलेला.

आई म्हणत होती, हॅलो, ऐकू येतंय का,
काहीतरी खाऊन घे.
मी विचारलं, आई,
तू काहीतरी म्हणतेस
म्हणजे नक्की काय काय?